बावीस बोअरची गोळी

मी जनावरांची डॉक्टर आहे. राहते पेणला, नोकरी रोह्याला. सासर हमरापूरचं, गणपतींच्या कारखान्याचं, त्यामुळे घरी बारा महिने माती आणि रंग यांच्या गोष्टी चालतात. माझ्या गोष्टी म्हणजे अडलेल्या म्हशी, पोट फुगलेल्या शेळ्या आणि कुत्रा चावलेली वासरं. जंगली जनावर माझ्या वाट्याला क्वचित येतं. वन खात्याचा फोन आला तरच. त्या दिवशी मात्र जंगलातल्या जनावराची बातमी घेऊन एक माणूस स्वतःच दवाखान्यात आला.

सकाळची गर्दी ओसरली होती आणि तो बाकावर बसून होता. बरोबर जनावर नव्हतं, औषधाची जुनी चिठ्ठीही नव्हती. त्याला मी ओळखत होते. निडी आणि रोह्याच्या मधे, रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला त्याची वाडी. कंपनीत शिफ्टवर कामाला, घरी आई, थोडी भातशेती आणि एक म्हैस. आदल्या वर्षी ती म्हैस अडली होती तेव्हा तो रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले, तरी गोठ्यातून हलला नव्हता. वासरू मेलेलंच निघालं. ते पुरायलाही त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

"म्हैस बरी आहे ना?" मी विचारलं.

"हाय बरी."

"मग?"

त्यानं दाराकडे पाहिलं. शिपाई बाहेर होता.

"एक विचारायचं होतं. बावीसची गोळी भेकराला पुरते का?"

भेकर म्हणजे आमच्याकडच्या डोंगरातलं लहान हरीण. तांबूस, शेळीएवढं, कमालीचं भित्रं. बावीस म्हणजे बावीस बोअरची रायफल, हेही मला कळलं. पण सकाळी दवाखान्यात येऊन माणूस हे का विचारतोय, ते पटकन ध्यानात आलं नाही. मी शिकले होते तसं उत्तर द्यायला लागले. म्हटलं, ती गोळी नेमबाजीची, उंदीर-घुशी मारायची. वजनाला हलकी, जोर कमी. भेकर लहान असलं तरी हरीण आहे, त्याला नाही पुरत. बोलता बोलता त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते.

"कुठे लागली?" मी विचारलं.

त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोटात, बहुतेक. मागल्या बाजूला."

"कधी?"

"परवा. दिवस मावळताना."

मी दार लोटून घेतलं आणि त्याच्या समोर बसले. मग त्यानं सगळं सांगितलं, खाली मान घालून, न थांबता.

भात कापून झालं की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. त्याच्या आईचा सगळा हिवाळा त्या वालात जातो. या वर्षी शेंगा धरायच्या वेळेला भेकरं डोंगरावरून उतरायला लागली. शेंडे खाल्लेला वेल पुन्हा सावरत नाही. आई संध्याकाळी डबा वाजवत बांधावर बसायची. घरात वडिलांच्या नावचा शेतीच्या राखणीसाठीचा परवाना होता. वडील गेल्यावर तो याच्या नावावर झाला. वडिलांची जुनी बंदूक त्यानं विकली आणि बावीसची रायफल घेतली, कारण आवाज कमी आणि काडतूस स्वस्त. परवाना पिकाजवळ आलेलं जनावर भिववण्यासाठी. हरणावर गोळी चालवायची मुभा कुणालाच नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"मोबाईलवर बघितलं होतं," तो म्हणाला. "कुठल्या तरी देशातला माणूस. एवढीशी गोळी, आणि जनावर जागच्या जागी बसलं. मला वाटलं, नीट नेम धरला की झालं."

बांधाआडून त्यानं बार टाकला. भेकरानं एक उडी मारली आणि ते झाडीत गेलं. रक्त दिसलं नाही. चुकली, असं म्हणून तो घरी आला, हातपाय धुतले, जेवला आणि कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी आई गवत कापायला ओढ्याकडे गेली. परत आली ती भारा न घेता. ओसरीवर बसून एवढंच म्हणाली, "ते उभं हाय रे. मी इतकी जवळ गेले, तरी पळत नाय."

"तिला माहीत होतं, तू गोळी मारलीस ते?"

"आवाज ऐकला असंल. विचारलं नाय तिनं."

तो रायफल घेऊन ओढ्याकडे गेला. भेकर दिसलं. मागचे पाय फाकवून, पाठ वाकवून उभं. नेम धरला, पण दुसरी गोळी मारायला त्याचा हात धजला नाही. तोवर ते हळूहळू चालत करवंदीच्या जाळीत शिरलं. ही कालची गोष्ट. आज सकाळी पुन्हा पाण्याजवळ आलेलं त्याला दिसलं, आणि तो तिथूनच उठून माझ्याकडे आला होता.

"ते जगंल का?" त्यानं विचारलं. हेच विचारायला तो आला होता.

"नाही," मी म्हणाले.

मला ते मऊ करून सांगता आलं असतं. पण मग तो आणखी एक दिवस वाट बघत बसला असता. म्हणून समजावून सांगितलं. गोळीनं जनावर मरतं ते बहुतेक आत रक्त सांडून. छातीत लागली, फुप्फुस किंवा काळीज फाटलं, तर लवकर जातं. ही गोळी बारीक, आत गेल्यावर फारसं फाडत नाही आणि पुष्कळदा बाहेरही पडत नाही. मोबाईलमधल्या माणसाची गोळी बसली असेल छातीत, पण जनावर कागदाच्या निशाणासारखं स्थिर उभं राहत नाही, चरताना एक पाऊल पुढं टाकतं. गोळी पोटात गेली की आतडं फुटतं, आतली घाण पोटभर पसरते, सगळीकडे पू होतो. ताप चढतो, तहान लागते. म्हणून ते पाण्याजवळ येतंय.

त्यानं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही सांगणार का वन खात्याला?"

"मला सांगावंच लागेल. पण मी फोन लावण्याआधी तू लाव."

"कंपनीतून काढतील. आईला कोण बघणार?"

बाहेर कुणीतरी शेळी घेऊन आलं होतं, ती ओरडत होती. थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "नंबर द्या."

आमच्या भागाची वनरक्षक तरुण मुलगी आहे. मला मॅडम म्हणते. ती मोटरसायकलवरून आली तेव्हा मला वाटलं, याला पाहताच चिडेल. ती चिडली नाही. त्याचं बोलणं ऐकून घेतलं, रायफल कुठे आहे ते विचारलं आणि म्हणाली, "आधी जनावर बघू. बाकीचं नंतर. तुम्ही पुढे व्हा, वाट दाखवा."

वाडीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वालाच्या शेताला लागून एका म्हाताऱ्या मुसलमान शेतकऱ्याची जमीन आहे. मुलगे आखातात, हा एकटा शेती सांभाळतो. सगळी वाडी त्याला चाचा म्हणते. तो बांधावर उभा होता. खाकी कपडे दिसल्यावर त्याला सगळं उमगलं असावं.

"मला आवाज आला होता," चाचा त्याला म्हणाला. "फटाक्याएवढा. म्हटलं, पोरानं डुकराला भिववलं असंल."

"डुक्कर नव्हतं, चाचा."

"व्हय. आता दिसतंय."

मग चाचाही चपला हातात घेऊन आमच्या मागोमाग ओढ्यात उतरला.

भेकर फार लांब गेलं नव्हतं. पाण्याच्या काठाला, जांभळाच्या मुळांमधे बसलेलं सापडलं. मादी होती. आम्हाला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय रोवले, मागचे उचललेच नाहीत. मी एकटीच पुढे गेले आणि बाजूनं तिच्याजवळ बसले. जंगली जनावर माणसाचा हात लागला तर भीतीनंच मरू शकतं. पण हिच्यात घाबरण्याएवढंही त्राण राहिलं नव्हतं.

पोट ताणून टणक झालं होतं. अंग भाजत होतं. जखम शोधावी लागली, इतकी लहान. वालाचा दाणासुद्धा मावला नसता. भोवती जेमतेम थेंबभर रक्त सुकलेलं, आणि माश्या. गोळी चुकली असं त्याला का वाटलं, ते मला तिथं पटलं. बाहेरून पाहणाऱ्याला जनावर धडधाकटच दिसलं असतं.

"मॅडम, वाचवता येईल?" वनरक्षक मुलीनं विचारलं.

"नाही. सोडवता येईल, पण त्याला परवानगी लागेल."

जंगली जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायचं तर वरून हुकूम यावा लागतो. नियम चांगल्यासाठी आहे, हे मला मान्य आहे. तो नसता तर कुणीही काहीही केलं असतं. ओढ्यात फोनला रेंज नव्हती. ती मुलगी रुळांच्या बाजूच्या चढावर गेली. तिथून तिचा आवाज तुटक तुटक ऐकू येत होता. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, दरवेळी नव्या कुणाला तरी.

वेदना कमी करायला मला कुणाची परवानगी नको होती. मी वेदनेचं औषध दिलं, थोडी गुंगीही दिली. श्वास जरा सावकाश झाला. पण डोळे उघडेच होते आणि आम्हाला पाहत होते. मी त्याला म्हटलं, "डोळ्यांवर काहीतरी टाक. अंधार झाला की शांत होतात."

त्यानं शर्ट काढला, घडी केली आणि तिच्या डोळ्यांवर धरला. तसाच उघड्या अंगानं मांडी घालून बसून राहिला. त्याचा हात तिच्या मानेवर होता. मी त्याला काढायला सांगितलं नाही.

थोड्या वेळानं त्याची आई आली. हातात पाण्याचा तांब्या. कुणी निरोप दिला कोण जाणे. लेकाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खाली बसली, पदराचा शेव पाण्यात बुडवला आणि भेकराच्या तोंडाला लावला.

"पी गो," ती म्हणाली. "पी, बाय."

भेकर प्यालं नाही. ओठांवरून पाणी ओघळून गेलं. म्हातारी पुन्हा पदर भिजवत होती, पुन्हा लावत होती. हीच बाई महिनाभर रोज संध्याकाळी याच जनावरांवर डबा बडवत ओरडत होती. चाचानं आमच्याकडे पाठ केली आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.

माझी बोटं भेकराच्या मांडीच्या आतल्या बाजूला, नाडीवर होती. ती कधी नाहीशी झाली ते मला कळलं. मानेवर हात असलेल्या त्यालाही कळलं होतं.

वनरक्षक मुलगी घसरत खाली आली. "साहेब म्हणाले, लेखी पाठवतायत, तोवर थांबा."

"गेली," तो म्हणाला.

शवविच्छेदन रोह्याला, वन खात्याच्या आवारात केलं. पंच म्हणून चाचा आला. दुसरा पंच मिळेना. वाडीतल्या दोघांनी भाताच्या गिरणीवर जायचं निमित्त काढलं. शेवटी स्टेशनजवळचा एक रिक्षावाला आला. ज्यानं गोळी मारली त्यालाही तिथंच उभं केलं होतं, कारण त्याचा जबाब व्हायचा होता आणि रायफलही ताब्यात घ्यायची होती.

आत मला वाटलं होतं तसंच निघालं. पोटभर पू. आतड्याला दोन ठिकाणी भोक. जठरात वालाचे शेंडे, अजून हिरवे. गोळी पाठीच्या बाजूला स्नायूत अडकली होती. शिशाचा चेपलेला तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. मी तो ताटलीत टाकला. टण्ण आवाज झाला. त्यानं तो नीट पाहिला.

मग कातडी बाजूला करताना पुढच्या खांद्यावर बोटाला काहीतरी टणक लागलं. आधी वाटलं गाठ असेल. कापून बघितलं तर पांढऱ्या, चिवट आवरणात एक छर्रा. हवेच्या बंदुकीचा. जखम कधीच भरून गेलेली, वर केससुद्धा नीट उगवलेले.

"हा माझा नाय," तो पटकन म्हणाला.

"नाही. हा जुना आहे."

"किती जुना?"

"नक्की नाही सांगता येत. पुष्कळ दिवसांचा."

वनरक्षक मुलीनं तो छर्रा वेगळ्या पिशवीत घातला. म्हणजे हिला याआधीही कुणीतरी मारलं होतं, आणि त्यानंही घरी जाऊन सांगितलं असणार की चुकली. मी कितीतरी वर्षं ऐकत आले आहे, हवेच्या बंदुकीनं काय होतंय, बावीसनं काय होतंय, लागली तर लागली, नायतर जनावर पळून जातं. लहान गोळीबद्दल लोकांचा हाच समज असतो, की ती एकतर मारते किंवा चुकते. तिसरं काही होतं, ते जाळीत होतं, आणि ते बघायला तिथं कुणी नसतं.

बाहेर हात धुताना चाचा माझ्याजवळ आला.

"डॉक्टरीणबाई, माझे वडील शिकारीला जायचे. तेव्हा मुभा होती. बारा बोअर होती आमच्याकडं. चांगले नेमबाज म्हणून नाव होतं त्यांचं." तो थांबला. "कधी कधी हात हलवत परत यायचे. म्हणायचे, आज चुकली. आम्ही पोरं हसायचो."

त्यानं टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि पंचनाम्यावर सही करायला आत गेला.

नियमाप्रमाणे भेकराला आवारामागे जाळलं. लाकडं ओली होती, पेटायला वेळ लागला.

त्याला अटक झाली. काही दिवस कोठडीत गेले, मग जामीन मिळाला. परवाना गेला. कंपनीनं आधी घरी बसवलं, पुढे ठेकेदाराकडच्या कामावर घेतलं. पगार कमी आणि शिफ्ट वाईट. आपण होऊन सांगितलं याचा पुढे काही उपयोग होईल, असं त्याचा वकील म्हणतो. खटला अजून उभा आहे. माझीही साक्ष व्हायची आहे.

पण त्याला खरा त्रास झाला तो वाडीत. जनावर मारलं म्हणून कुणी त्याला काही बोललं नाही. बोलले ते सांगितलं म्हणून. त्यानंतर वन खात्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, दोन-तीन घरांतल्या हवेच्या बंदुका माळ्यावरून नाहीशा झाल्या आणि लोक त्याला पाहून बोलणं थांबवू लागले. संक्रांतीला त्याच्या आईला कुणी तिळगूळ द्यायला आलं नाही. पोपटी, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची वेळ आली, सगळ्या वाडीनं मिळून शेतात मडकं लावलं, याच्या घरी निरोप नाही. चाचानं स्वतःच्या बांधावर वेगळं मडकं लावून दोघांना बोलावलं. म्हातारी गेली. तो गेला नाही.

हे मला म्हातारीनंच सांगितलं. म्हशीला लस टोचायला गेले होते तेव्हा.

"तुम्हाला राग येतो का माझा?" मी तिला विचारलं. बरेच दिवस विचारायचं होतं.

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "त्यानं नसतं सांगितलं तर त्याला झोप लागली नसती, बाय. आता सांगितलं तरी लागत नाय. मग राग कुणावर धरू?"

त्याला मी अधूनमधून भेटते. एकदा तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेर भेटला. मी माझ्या कामासाठी पंचायत समितीत गेले होते. टपरीवर चहा घेतला. आधी म्हशीबद्दल बोललो, मग पाण्याबद्दल. मग तो म्हणाला, "मी वाडीत विचारत होतो. तो छर्रा कुणाचा होता म्हणून."

"कशाला विचारतोस? आधीच लोक तोडून वागतात."

"भांडायला नाय. त्यालापण माहीत पाहिजे ना, की लागला होता."

"कुणी सांगितलं?"

"नाय. सगळे म्हणतात, आम्ही कधी मारलाच नाय." त्यानं ग्लास खाली ठेवला. "एक जण मात्र काय बोलला नाय. नुसताच उठून गेला."

तो कोण, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो शर्ट नीट करून आत गेला. मी चहाचे पैसे दिले आणि पेणची एसटी पकडायला स्टँडकडे निघाले.

यंदाही त्यांनी वाल पेरलाय. शेताभोवती मासेमारीची जुनी जाळी बांबूंवर ताणून बांधली आहेत. खाडीकडच्या लोकांकडून चाचानं ती आणून दिली. भेकरं येतात, जाळीला तोंड लावून उभी राहतात आणि परत जातात. एका कोपऱ्यात जाळी फाटली आहे, तिथून थोडा वाल जातो. तो कोपरा अजून बांधायचा राहिलाय, असं म्हातारी म्हणते.